जर्मनीची झाडाझडती



सरकारी फॉर्म म्हणजे काय असतो हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. कर्जाचा अर्ज, वारसाची नोंद, शाळेतला दाखला, कुठेही जा, आधी कागद भरा. पण १९४५ साली जर्मनीतल्या लोकांच्या हातात जो फॉर्म पडला त्याची तऱ्हाच निराळी होती. त्यात प्रश्न होते १३१. उंची किती, वजन किती, केसांचा आणि डोळ्यांचा रंग कोणता, हे तर होतेच. मग कुठे कुठे नोकरी केलीत, पगार काय मिळाला, कोणत्या संस्थांचे सभासद होता, भाषणे दिलीत का, लेख लिहिलेत का. १९३२ च्या नोव्हेंबरात मत कोणत्या पक्षाला दिलेत, हेसुद्धा विचारले होते. गुप्त मतदान वगैरे काही नाही! खोटे उत्तर दिले तर लष्करी कोर्टात खटला. आणि हा कागद तपासून झाल्याशिवाय मास्तरकी नाही, पोस्टातली नोकरी नाही, की कचेरीतली खुर्ची नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? तर एका सबंध देशाच्या डोक्यात भिनलेली विचारसरणी काढून टाकायची होती म्हणून. हे काम कसे झाले, आणि खरोखर झाले का, ते आज आपल्याला पाहायचे आहे. शिक्षक मंडळी ऐकत असतील तर त्यांनी जरा अधिक लक्ष द्यावे, कारण या गोष्टीत शाळेचा भाग मोठा आहे.

८ मे १९४५ रोजी जर्मनी शरण आला. हिटलरने त्याच्या आठवडाभर आधीच आत्महत्या केली होती. अमेरिका, ब्रिटन, रशिया आणि फ्रान्स या चौघांनी देशाचे चार विभाग केले आणि एकेक आपल्या ताब्यात घेतला. त्याच उन्हाळ्यात पॉट्सडॅम येथे अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांच्या पुढाऱ्यांनी ठरवले की नाझी पक्ष मुळासकट उखडायचा. त्याप्रमाणे पक्ष बेकायदा ठरला, त्याचे कायदे रद्द झाले, स्वस्तिकाची चिन्हे खाली आली, गावोगावच्या हिटलर चौकांच्या पाट्या बदलल्या. बड्या नाझी पुढाऱ्यांवर न्यूरेंबर्गला खटला चालला आणि १९४६ च्या ऑक्टोबरात बारा जणांना फाशीची शिक्षा झाली. इथवरचे काम, म्हटले तर, सोपे होते.

अवघड पुढेच होते. नाझी पक्षाचे सभासद होते ८० लाखांहून अधिक. म्हणजे पोरेबाळे धरूनसुद्धा दर आठ-नऊ माणसांत एक. यांत निव्वळ गुंड असते तर गोष्ट वेगळी होती. पण त्यांत डॉक्टर होते, पोस्टमास्तर होते, रेल्वेचे अधिकारी होते, शहराला पाणी पुरवणारे इंजिनियर होते, न्यायाधीश होते. कोणी मनापासून सामील झाला होता, कोणी बढतीसाठी, कोणी भीतीने. आता अशा सगळ्यांना एकदम घरी बसवा म्हटले तर दवाखाना कोणी चालवायचा आणि नळाला पाणी कोणी सोडायचे? आणि बसवू नका म्हटले, तर ज्या घरातली माणसे छावणीत मारली गेली त्या घरातल्या उरलेल्याने कचेरीत जाऊन त्याच जुन्या कारकुनापुढे उभे राहायचे? या पेचातून शेवटपर्यंत कोणालाही नीट वाट सापडली नाही.

आता शाळेकडे वळू. नाझींनी सत्ता हाती येताच शाळा ताब्यात घेतल्या होत्या. १९३७ पर्यंत जर्मनीतले १०० पैकी ९७ शिक्षक नाझींच्या शिक्षकसंघाचे सभासद झाले होते. इतिहास आणि जीवशास्त्र यांत वंशाची शिकवण घुसवणे तर उघडच होते. पण गणितही सुटले नाही. उदाहरण असे घालत: मनोरुग्ण आणि अपंग माणसांच्या सांभाळावर सरकारचा अमुक इतका खर्च होतो, तर तेवढ्या पैशात कामगारांसाठी किती घरे बांधून होतील? मुलाने भागाकार करायचा आणि उत्तर लिहायचे. उत्तर बरोबर आले की शाबासकी. भागाकार बरोबरच असतो हो! पण तो सोडवता सोडवता मुलाच्या मनात काय रुजले? पुढे १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत अशा सुमारे ७० हजार रुग्णांना आणि अपंगांना सरकारने खास केंद्रांत नेऊन विषारी वायूने मारले. त्यानंतर ज्यूंची पाळी आली. सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. गणिताच्या पुस्तकामुळे हे घडले असे मी म्हणणार नाही. पण घडत असताना इतक्या थोड्या लोकांना त्यात काही वावगे का वाटले, याचा विचार करताना मला ते भागाकाराचे उदाहरण आठवल्यावाचून राहत नाही.

युद्ध संपल्यावर जेत्यांनी पहिल्यांदा शाळा बंदच ठेवल्या. जुनी पुस्तके काढून घेतली. पण नवी आणायची कोठून? अमेरिकनांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या शिक्षक महाविद्यालयाच्या ग्रंथसंग्रहातून हिटलरच्या आधीची जर्मन क्रमिक पुस्तके शोधून काढली, त्यांच्या छायाप्रती केल्या आणि तीच पुन्हा छापली. त्या पुस्तकांच्या सुरुवातीला एक सूचना असे. तिचा आशय असा की हे पुस्तक सर्वस्वी योग्य आहे असे समजू नये, सध्याच्या परिस्थितीत याहून बरे मिळाले नाही. क्रमिक पुस्तकावर इतका प्रामाणिक मजकूर छापलेला मी दुसरीकडे पाहिला नाही! इतिहासाचे पुस्तक मात्र चालण्यासारखे मिळेना, म्हणून बऱ्याच ठिकाणी इतिहासाचा तासच बंद ठेवावा लागला.

पुस्तकांचे असे, तर शिक्षकांचे त्याहून कठीण. अमेरिकन विभागात कित्येक ठिकाणी निम्म्याहून अधिक प्राथमिक शिक्षक कामावरून कमी झाले. उरले ते बहुतेक म्हातारे. शाळेची इमारत बॉम्बने पडलेली, पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांची मुले भरलेली, आणि एका मास्तरापुढे काही ठिकाणी ऐंशी-ऐंशी पोरे. रशियन विभागात तर जवळजवळ तीन चतुर्थांश शिक्षक पक्षाचे सभासद निघाले. तिथे एक धाडसी प्रयोग झाला. कामगारांची, शेतकऱ्यांची तरुण मुलेमुली निवडून त्यांना काही महिन्यांचे शिक्षण दिले आणि सरळ वर्गावर उभे केले. ‘नवे शिक्षक’ असेच त्यांना म्हणत. त्यांना शुद्धलेखन येत नाही म्हणून लोक हसत. पण त्यांतले बरेच पुढे चांगले शिक्षक झाले, हेही खरे. दुर्दैव असे की तिथे काही वर्षांतच मुलांच्या अंगावर दुसरा गणवेश आणि हातात दुसरा झेंडा आला. आणि रशियनांनी ज्या छावण्या उघडल्या त्यांत नाझींची बुखेनवाल्डची छावणीही होती. या छावण्यांतून सुमारे १ लाख २२ हजार जर्मन कोंडले गेले, काही खरे अपराधी, काही किरकोळ कार्यकर्ते, काही नव्या राजवटीला नकोसे झालेले. त्यांतले सुमारे ४३ हजार बहुतांशी उपासमारीने आणि रोगाने मेले. नाझीवाद घालवण्याच्या कामात हे बसते का, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

जेत्यांनी लोकांना सत्य दाखवण्याचाही प्रयत्न केला. बुखेनवाल्डची छावणी वायमार शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर. वायमार म्हणजे कवी गटेचे गाव, जर्मन संस्कृतीचे माहेरघर. १९४५ च्या एप्रिलात अमेरिकन सैन्याने या शहरातले हजारभर नागरिक चालवत त्या छावणीत नेले आणि प्रेतांचे ढीग दाखवले. बायका रडल्या, काही जणांना भोवळ आली. आणि बहुतेकांनी सांगितले, आम्हांला यातले काही ठाऊक नव्हते. पुढे छावण्यांवर एक चित्रपट काढून गावोगाव दाखवला. तो पाहून काही जण सुन्न होऊन बाहेर पडत, काही पडद्याकडे पाहतच नसत.

आता ऐका. अमेरिकनांनी आपल्या विभागात लोकांची मते वेळोवेळी अजमावली. प्रश्न साधा होता: नाझीवाद ही कल्पनाच वाईट होती, की कल्पना चांगली पण राबवली वाईट? १९४५ च्या अखेरीपासून १९४६ संपेपर्यंत सरासरी शंभरातल्या ४७ जणांनी सांगितले, कल्पना चांगली होती. न्यूरेंबर्गचा निकाल झाला, फॉर्म भरून झाले, चित्रपट दाखवून झाला, आणि १९४७ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा विचारले तेव्हा हा आकडा खाली येण्याऐवजी ५५ वर गेला होता. मधला हिवाळा भयंकर गेला होता हे ध्यानात घ्या. कोळसा नाही, रेशनवर माणशी दिवसाला हजार-बाराशे उष्मांकांचे अन्न, म्हणजे राबणाऱ्या माणसाला लागते त्याच्या निम्मेसुद्धा नाही. उपाशी माणसाला मागचे दिवस बरे वाटतात. त्या मागच्या दिवसांतली भाकरी दुसऱ्याच्या ताटातून ओढलेली होती, हे त्याच्या गावी नसते.

फॉर्मचे पुढे काय झाले? ते इतके साचले की तपासायला माणसे पुरेनात. म्हणून १९४६ च्या मार्चमध्ये अमेरिकनांनी हे काम जर्मनांच्याच हाती दिले. पाचशेहून अधिक स्थानिक न्यायमंडळे नेमली. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाने नवा फॉर्म भरायचा. सुमारे १ कोटी ३० लाख लोकांनी तो भरला. अपराधाप्रमाणे माणसांचे पाच वर्ग केले होते. सर्वांत वर मुख्य अपराधी, सर्वांत खाली निर्दोष, आणि चौथा वर्ग नुसते लोंढ्याबरोबर वाहत गेलेल्यांचा.

इथे ‘दाखला’ नावाची चीज आली. आपण शाळा सोडताना वर्तणुकीचा दाखला देतो ना, तसा. शेजारी, मालक, चर्चचे धर्मगुरू अशा कोणाकडून तरी लिहून आणायचे की हा मनुष्य मनाने कधीच नाझी नव्हता, उलट एकदा त्याने अमक्या ज्यू डॉक्टरला रस्त्यात नमस्कार केला होता. लोकांनी या दाखल्यांना नाव ठेवले ‘पर्सिलचा कागद’. पर्सिल ही तिकडची कपडे धुण्याची पावडर. एक दाखला लावला की डाग गेला! आज मी तुला लिहून देतो, उद्या तू मला दे. गाव लहान, न्यायमंडळातला माणूसही गावातलाच, उद्या त्याला त्याच दुकानात उधारी मागायची. अशा जागी कोण कोणाविरुद्ध साक्ष देणार?

शिवाय कामाचा क्रमच उलटा पडला. साधी प्रकरणे लवकर उरकतात म्हणून ती आधी घेतली. पोस्टातला कारकून, गावचा मास्तर यांना दंड झाले, नोकऱ्या गेल्या. बड्यांची प्रकरणे गुंतागुंतीची, म्हणून ती मागे ठेवली. तोवर १९४८ उजाडले. अमेरिका आणि रशिया यांचे फाटले, जर्मनांची गरज दोघांनाही वाटू लागली, आणि हे सगळे आवरते घ्या असा हुकूम आला. बडे अलगद सुटले. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणतात, तसेच काहीसे झाले, जरी हे संन्यासीही अगदी निष्पाप नव्हते. अमेरिकन विभागात सुमारे साडेनऊ लाख माणसांची चौकशी होऊन मुख्य अपराधी ठरले ते दोन हजारांच्या आतच. निम्म्याहून जास्त लोक त्या चौथ्या वर्गात, लोंढ्याबरोबर गेलेल्यांत, जमा झाले. वीस लाखांहून अधिक लोकांना तर वय किंवा गरिबी पाहून चौकशीशिवायच माफी मिळाली. १९१९ नंतर जन्मलेल्या तरुणांना सरसकट सोडले. अर्थात ही माफी पक्षाशी संबंध असण्यापुरती होती, खुनासारख्या गुन्ह्यांना नव्हती.

चौथ्या वर्गात कसकशी माणसे बसली याचा एक मासला सांगतो. आपल्या इरावतीबाई कर्वे १९२७ साली बर्लिनला मानववंशशास्त्राच्या संस्थेत शिकायला गेल्या होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. गोऱ्यांच्या कवटीची ठेवणच त्यांच्या बुद्धीची साक्ष देते, अशा त्यांच्या कल्पनेला इरावतीबाईंनी केलेली मोजमापे दुजोरा देईनात. तसे बाईंनी आपल्या प्रबंधात लिहिले. मार्गदर्शकाच्या तोंडावर! हीच संस्था पुढे १९४२ पासून ओटमार फॉन फेर्शुअर नावाच्या प्राध्यापकाच्या हाती होती. आउश्विट्झच्या छावणीत जुळ्या मुलांवर क्रूर प्रयोग करणारा डॉक्टर मेंगेले हा या फेर्शुअरचा शिष्य, आणि छावणीतल्या बंदिवानांच्या रक्ताचे नमुने, काढलेले डोळे या संस्थेकडे येत. युद्धानंतर फेर्शुअरची चौकशी झाली. निकाल: लोंढ्याबरोबर गेलेला. दंड ६०० मार्क. १९५१ साली ते म्युन्स्टर विद्यापीठात पुन्हा प्राध्यापक झाले.

१९४९ साली पश्चिम जर्मनीचे नवे राज्य स्थापन झाले. त्याच्या घटनेचे १३१ वे कलम काढून टाकलेल्या नोकरांविषयी होते. योगायोग पाहा, फॉर्ममध्ये प्रश्न १३१ आणि हे कलमही १३१ वे. फॉर्मने माणसे बाहेर काढली होती, या कलमाखाली १९५१ साली कायदा झाला आणि त्यांतली बहुतेक परत आत आली. चॅन्सेलर आडेनाउअर स्वतः नाझींच्या तुरुंगात राहून आलेले. तरी त्यांच्या कार्यालयाचा प्रमुख होता हान्स ग्लोब्के, ज्याने ज्यूविरोधी वंशकायद्यांवर भाष्य लिहिले होते. तो १९६३ पर्यंत त्या जागी होता. थोडक्यात, सरकारने लोकांशी न बोलता एक सौदाच केला: मागचे उकरून काढत नाही, तुम्ही नव्या कायद्याने वागा, कामाला लागा, मत द्या.

हा सौदा चांगला की वाईट? माझे मत सांगतो. राज्य उभे राहण्यापुरता तो उपयोगी पडला. १९४८ च्या नव्या चलनानंतर दुकाने भरली, कारखाने चालू झाले, आणि पोट भरलेल्या माणसाला हिटलरची आठवण कमी येऊ लागली. सरकारने ढिलाईही सगळीकडे केली नाही. नाझींचाच नवा अवतार असलेला एक पक्ष १९५२ साली घटना न्यायालयाने बंद केला. त्याच वर्षी इस्राएलला ३०० कोटी मार्कांची भरपाई द्यायचा करार झाला, आणि तो संसदेत संमत व्हायला आडेनाउअरांना विरोधी पक्षाची मते घ्यावी लागली, कारण स्वतःच्या बाजूची पुरेशी पडली नाहीत. पण या सौद्याची किंमत मेलेल्यांच्या नातलगांनी मोजली. त्यांना कोणी विचारले नव्हते.

या सगळ्यात मला सर्वांत टिकाऊ वाटते ते काम एका इतिहासशिक्षकाचे आहे. गेऑर्ग एकर्ट ब्राउनश्वाइग शहरातल्या शिक्षक महाविद्यालयात इतिहास शिकवत. त्यांचे म्हणणे, इतिहासाची पुस्तके आपली आपण लिहिली की शेजारी नेहमी खलनायक होतो. म्हणून त्यांनी आपली पुस्तके ब्रिटिश आणि फ्रेंच शिक्षकांना वाचायला दिली आणि त्यांची स्वतः वाचली. १९५१ साली जर्मन आणि फ्रेंच इतिहासकारांनी एकत्र बसून वादाच्या मुद्द्यांचा मसुदा केला, आणि त्याच वर्षी एकर्टांनी पाठ्यपुस्तकांच्या सुधारणेसाठी एक संस्था काढली. १९७२ साली असेच काम पोलंडबरोबर सुरू झाले, आणि पोलंडची जखम तर किती खोल होती! २००६ साली जर्मन आणि फ्रेंच मुलांसाठी इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक निघाले. एकाच मजकुराच्या दोन भाषांतल्या आवृत्त्या. १९४५ साली इतिहासाचा तासच बंद होता, तिथून हा पल्ला साठ वर्षांचा.

मागचे उकरून काढले तेही जर्मनांनीच, पण उशिरा. फ्रिट्झ बाउअर हे ज्यू वकील, नाझींनी कोंडलेले, मग परदेशी पळालेले. १९४९ साली ते परतले आणि पुढे हेसन राज्याचे सरकारी वकील झाले. कचेऱ्यांतल्या जुन्या मंडळींवर त्यांचा इतका अविश्वास की आइखमनचा ठावठिकाणा कळला तेव्हा त्यांनी तो आपल्या सरकारला न कळवता गुपचूप इस्राएलला कळवला. १९६३ च्या डिसेंबरात त्यांनी फ्रँकफुर्टला आउश्विट्झचा खटला उभा केला. साडेतीनशेहून अधिक साक्षीदार झाले. आरोपींत एक औषधविक्रेता, एक दातांचा डॉक्टर, एक व्यापारी, सगळे वीस वर्षे गावात सुखाने राहिलेले. शाळांचे वर्गच्या वर्ग हा खटला ऐकायला येत. ही मुले घरी जाऊन बापाला काय विचारत असतील याची कल्पना करा. जो प्रश्न अमेरिकन अधिकाऱ्याच्या फॉर्मवर होता तोच आता जेवणाच्या टेबलावर आला, आणि इथे पर्सिलचा कागद चालेना. कित्येक घरांत बाप-लेकांचे बोलणे तुटले. १९७९ च्या जानेवारीत ज्यूंच्या संहारावरची एक अमेरिकन मालिका दूरदर्शनवर लागली, ती सुमारे २ कोटी लोकांनी पाहिली, आणि त्याच वर्षी संसदेने खुनाच्या खटल्याला असलेली मुदत कायमची काढून टाकली.

त्या मुदतीच्या निर्णयामुळेच पुढचा खटला होऊ शकला. २०२२ च्या डिसेंबरात उत्तर जर्मनीतल्या इत्सेहो गावच्या न्यायालयात एका ९७ वर्षांच्या बाईला दहा हजारांहून अधिक खुनांना साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरवले. युद्धाच्या काळात ती श्टुटहोफच्या छावणीच्या कचेरीत होती. त्या वेळी तिचे वय अठरा-एकोणीस, म्हणून कायद्याप्रमाणे खटला चालला तो अल्पवयीनांच्या न्यायालयापुढे. छावणीतून वाचलेले काही वृद्ध साक्षीला आले. शिक्षा झाली दोन वर्षांची, तीही स्थगित, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये वरच्या न्यायालयाने ती कायम केली. कचेरीत त्या बाईचे काम टंकलेखनाचे होते.